वेस्टच्या नळीतलं गाव

सोलापूर,
११ फेब्रुवारी २०२४

चि. प्रभा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, हे माझ्या पथ्यावरच पडलं म्हणायचं. त्या निमित्ताने पोस्टाच्या पेटीपर्यंत चालणं होतं आणि चालता चालता शाळेतली एखादी कविता म्हणता येते. सात रस्ता चौकात मात्र कडव्याच्या मध्येच थांबावं लागतं. रिक्षावाल्याला यतिभंगाचं काय सुतक!

घरची खबर विचारतेस, तर घर सूनबाईंचं आहे आणि मी त्यात राहतो. चिरंजीव हृषीकेश पुण्याला नोकरीवर. रविवारी आला तर आला. देवयानी सकाळी विमा कंपनीच्या ऑफिसात जाते, ती दिवेलागणीला उगवते. मध्ये मी, कामाला येणारी दानम्मा आणि ओट्यावरचं ते आर.ओ.चं यंत्र. माझा मूतखडा निघाला तेव्हा डॉक्टरांनी जड पाणी बंद करायला सांगितलं, आणि आठवड्याच्या आत ते भिंतीवर चढलं. त्याच्या पाण्याची चव कशी सांगू? तोंडी परीक्षेला मुलगा उभा राहतो, पाय चाळवतो आणि अक्षर न बोलता खाली बसतो ना, तशी.

सूनबाईंचा जीव त्या यंत्रावर. त्याचं म्हणे फ्लशिंग करावं लागतं. वाया जाणारं पाणी ज्या नळीतून बाहेर पडतं, त्या वेस्टच्या नळीवर एक छोटी चावी आहे. ती उघडली की पाणी आतल्या पडद्यातून गाळलं न जाता त्याच्या अंगावरून जोरात धावतं आणि चिकटलेले क्षार धुऊन नेतं. असं केलं की फिल्टर जास्त टिकतो. हे मला ओट्याशी उभं करून शिकवण्यात आलं. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला! दर रविवारचं ते काम माझ्या गळ्यात घातलं आहे. खाली बादली ठेवायची, ते पाणी फरशीला. मी रविवारचीच वाट कशाला बघू? रोज सकाळी करतो. पाण्याचा आवाज चांगला येतो.

आणि प्रभे, एक गंमत. आपल्या बोरखडीच्या विहिरीची चव मला परत सापडली आहे. अगदी तीच. घोट घेतला की रहाट कुरकुरतो आणि वर्ग एका सुरात म्हणू लागतो. गाव धरणाखाली गेलं तेव्हा वाटलं होतं, सगळं बुडालं. बुडालेलं नाही गं. कुठे सापडली, ते मात्र विचारू नकोस. या मुलीला कळलं तर ती त्यालाही फिल्टर लावेल.

तुझ्या नातीच्या, वैदेहीच्या लग्नाची खरेदी कुठवर आली ते लिही. एकदा येऊन जा. आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा


होटगी,
२२ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. देवयानी हिस,
अ. उ. आ. वि. वि. वडीलकीच्या नात्याने आशीर्वाद लिहावा लागतो म्हणून लिहिला आहे. त्याहून जास्त समजू नकोस.

मंगळवारी मी माझ्या अवधूतबरोबर तुमच्याकडे येऊन गेले, हे तुला दादाने सांगितलं असेल किंवा नसेल. तू ऑफिसात होतीस. टेबलावर दादाच्या रक्ताचा रिपोर्ट पडला होता. अवधूतने वाचून दाखवला. मूत्रपिंडं मागच्या खेपेपेक्षा बिघडली आहेत. मला वाटलं, वय झालं, चालायचंच. मग पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि जे बघितलं ते शत्रूच्याही घरात बघू नये.

तुमची दानम्मा ओट्याखालच्या बादलीत दादाचा तांब्या बुडवत होती. कुठल्या बादलीत? मशिनचं वाया जाणारं, फरशी पुसायचं पाणी साठतं त्या बादलीत! मी जवळ जाऊन ओरडून विचारलं, तर म्हणते, रोज असंच भरते की, घरातल्यांनीच सांगितलंय. मला बहिरी समजून हळू बोलली, पण मी तिच्या ओठांवरून वाचलं.

घरातल्यांनी म्हणजे कुणी? त्या घरात हुकूम कुणाचा चालतो ते मला ठाऊक नाही होय? तुझं गोड पाणी तुला आणि तुझ्या पाहुण्यांना, आणि सासऱ्याला फडक्याचं पाणी. फिल्टर झिजू नये म्हणून माणूस झिजवायचा, ही लई हुशारी झाली बाई. आमच्या काळी सासुरवास सुनेला व्हायचा, तुमच्या काळी सासऱ्याला होतो, एवढाच फरक.

तो तांब्या कसला आहे हे तुला माहीत नसेल. आमच्या आईचा आहे. त्यातून मी दादाला कसलं पाणी पाजलं आहे ते त्याला विचार, त्याला आठवत असलं तर. त्या तांब्याने ती बादली बघितली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी दादाला इकडे घेऊन येणार आहे. आणि वैदेहीच्या लग्नात सगळं गणगोत जमेल, तेव्हा हे सगळ्यांसमोर बोलणार आहे. तुझी बाजू काय असेल ती आत्ताच लिही.

देव तुला सुबुद्धी देवो, हाच काय तो लोभ.

प्रभाआत्या


सोलापूर,
२७ फेब्रुवारी २०२४

ती. प्रभाआत्या यांस,
कृ. सा. न. वि. वि. नमस्कार पूर्ण घातला आहे. उरलेल्या पत्रात तो शोधू नये.

तुम्ही बाजू विचारलीत म्हणून लिहिते. बाबांचं पाणी मी स्वतः मशिनच्या तोटीचं भरते. सकाळी निघताना एक जग टेबलावर आणि रात्री एक त्यांच्या उशाशी. तांब्यातही तेच असतं, असं मी धरून चालले आहे. बादलीतलं पाणी फरशीला आणि संडासाला. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, मधल्या दिवसांत बोअर. त्यामुळे वेस्टचं पाणी फेकायची सोय नाही. पण ते कुणी पीत नाही. कुत्रंही पिणार नाही, इतकं ते मचूळ असतं.

दानम्माला मी समोर बसवून विचारलं. ती फरशीकडे बघायला लागली आणि मग कानडीत सुरू झाली. उत्तर द्यायचं नसलं की ती अक्कलकोटला पोचते. तेव्हा ती तुमच्याशी काय बोलली आणि तुम्ही तिच्या ओठांवर काय वाचलंत, ते देव जाणे. ओठ वाचायला समोरचा माणूस निदान मराठी बोलत असावा लागतो.

फिल्टर झिजू नये म्हणून मी माणूस झिजवते, असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य मी विसरणार नाही. आमच्या गल्लीत सगळ्यांचे मेंब्रेन, म्हणजे तो आतला पडदा, वर्षभरात बाद होतात. आमचा तिसऱ्या वर्षात आहे. गेल्या महिन्यात मशिनवाला, बसू त्याचं नाव, येऊन मीटर घालून बघून गेला आणि चकितच झाला. वहिनी, तुम्ही नेमकं करता तरी काय, असं विचारत होता. मी सांगितलं, दर रविवारी न चुकता फ्लशिंग. यंत्राची इतकी निगा राखणारी बाई घरच्या माणसाला बादलीतलं पाजेल, हा हिशेब तुम्हाला जमतो, मला जमत नाही. आणि ते यंत्र माझ्यासाठी घेतलेलं नाही, बाबांसाठी घेतलं आहे, हे तुमच्या कानावर नसेल तर आता डोळ्यांखालून घाला.

रिपोर्ट बिघडला, हे खरं आहे. का बिघडला, ते डॉक्टरांनाही कळलेलं नाही. मी रोज त्याच विचारात असते. तुम्ही मात्र दोन वर्षांत तिसऱ्यांदा आलात आणि पाच मिनिटांत निदान करून गेलात.

बाबांना न्यायचं तर न्या. बॅग भरून ठेवते. औषधांच्या वेळा लिहून देते. मात्र तुमच्याकडे बोअरचं पाणी सरळ माठात पडतं, एवढं गणगोतासमोर सांगायला विसरू नका. लग्नात माझं नाव निघालं, तर मी अक्षता हातात असताना उत्तर देईन.

सासऱ्यांच्या बहिणीवर जेवढा ठेवावा तेवढा लोभ ठेवून आहे.

आपली,
देवयानी


होटगी,
१ मार्च २०२४

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या सुनेचं पत्र आलं. जीभ आहे की कडबा कापायचं यंत्र? अवधूतची बायको वाचून हसली, तिलाही दोन शब्द सुनावले.

रविवारी दहा तारखेला अवधूत गाडी घेऊन येईल. जिना चढायला नको म्हणून तू खालीच उतरून थांब. तांब्या विसरू नकोस. आणि एक काम कर. स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहून ठेव, की सून मला बादलीतलं पाणी पाजत होती. तुझं अक्षर सगळे ओळखतात. त्याच्यापुढे तिची वकिली चालणार नाही.

तू काहीच का लिहीत नाहीस? मी तुझ्यासाठी भांडते आहे आणि तू गप्प. लहानपणापासून असाच. घरात कुणी भांडायला लागलं, की तू कोपरा धरून कविता म्हणायला लागायचास. आता तसं करू नकोस. तू गप्प राहिलास तर मी खोटी ठरते, आणि नातीच्या लग्नात खोटी ठरले तर पुन्हा तोंड दाखवणार नाही, तुलासुद्धा.

उलट टपाली ओळ यावी. रागावले तरी पाठची आहे, हे ध्यानात असू दे.

प्रभा


सोलापूर,
४ मार्च २०२४

ती. प्रभाआत्या यांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ते खरं होतं. एवढं मान्य करते, पुढचं नाही.

परवा मी लवकर घरी आले. स्वयंपाकघरात बाबा स्टूल टाकून बसले होते. वेस्टच्या नळीची चावी पूर्ण उघडी, नळी सरळ तांब्यात, डोळे मिटलेले आणि तोंडाने कविता. मी तांब्या हातातून घेतला आणि घोट घेऊन बघितला. आत्या, खारट, मचूळ, जिभेला बुरा चढल्यासारखं. मी विचारलं, हे काय चाललंय. तर शांतपणे म्हणाले, मी माझं गाव पितोय.

हे दोन वर्षं चालू आहे. आधी चुकून एक घोट घेतला, मग रोज. आपण उठू शकलो नाही की दानम्माने बादलीतून भरायचं आणि मला सांगायचं नाही, अशी तिला शपथ घातलेली. मी टेबलावर ठेवलेल्या जगमधलं पाणी कुंडीत जायचं. त्या कुंडीतली जास्वंद इतकी का फोफावली, ते मला आता कळलं.

त्यांचं म्हणणं ऐका. बोरखडी उजनीच्या पाण्याखाली आहे. तेच पाणी पाइपातून सोलापूरला येतं. म्हणजे तुमचा पार, देऊळ, चिंच, विहीर, सगळं त्यात विरघळून येतं. माझं यंत्र त्यातलं गाव तेवढं बाजूला काढून वेस्टच्या नळीत टाकतं आणि कुठल्याच गावचं नसलेलं पाणी ग्लासात देतं. असं ते मला, शिकवल्यासारखं, सांगत होते. ऐकायला छान आहे. डॉक्टरांना ऐकवलं, तर ते हसलेही नाहीत.

बसू चकित का झाला, तेही उलगडलं. मी म्हणत होते, माझ्या रविवारच्या शिस्तीने फिल्टर टिकला. कसला रविवार! बाबा रोज फ्लश करत होते. रोज पडदा धुऊन निघत होता आणि जे धुऊन निघत होतं ते ते पीत होते. मशिनवर चढायचे ते थर त्यांनी स्वतःच्या मूत्रपिंडावर घेतले. आणि मी बाई गल्लीभर फुशारकी मारत होते.

चावी मी काढून पर्समध्ये ठेवली आहे. ऑफिसला बरोबर नेते. परवापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, मीही नाही. तुम्हाला हवी ती ओळ ते लिहून द्यायला तयार नाहीत. माझा दोष नाही, हेही लिहून देत नाहीत. दानम्माकरवी निरोप धाडतात, यात गुन्हाच नाही तर निर्दोष कोण. असा माणूस सांभाळणं म्हणजे काय, ते दहा तारखेनंतर तुम्हालाही कळेल. बॅग भरली आहे.

गाव तुमचंही आहे. ती चव एवढी गोड होती का, ते तुम्हीच त्यांना सांगा. माझं ते ऐकत नाहीत.

तुमच्या पत्रातल्या त्या वाक्यासकट लोभ आहे.

देवयानी


होटगी,
८ मार्च २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रविवारी गाडी येणार नाही.

सुनेचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला वाटलं, ती तुझ्यावर ढकलते आहे. मग त्यातलं तुझं बोलणं वाचलं आणि कळलं, की हे तिला रचता येणार नाही. हा तूच.

दादा, आपली विहीर गोड होती. गावात तेवढी एकच गोड होती. पलीकडच्या आळीतल्या बायका घागरी घेऊन आपल्या दारात यायच्या आणि आपले बाबा कुणाला नाही म्हणायचे नाहीत. खारी होती ती शाळेची. मचूळ पाणी, मास्तरसुद्धा तोंड वाकडं करून प्यायचे. तू गाव पीत नव्हतास. तू शाळा पीत होतास.

तुला आठवत नसेल तर मी सांगते. आई अंथरुणाला खिळली आणि मला दुसरीतून काढलं. शाळेचं पाणी तुला बाधायचं, पोटात कळा यायच्या, म्हणून आईने मला लावून दिलं होतं, की मधल्या सुट्टीत दादाला घरचं पाणी नेऊन द्यायचं. हाच तांब्या. वर ओलं फडकं. पाय पोळायचे म्हणून मी बाभळीच्या सावलीसावलीने यायची. सुट्टी व्हायच्या आधी पोचायची आणि खिडकीबाहेर उभी राहायची. आत यायची मुभा नव्हती, नाव काढलेलं होतं ना. आत तुम्ही सगळे एका सुरात म्हणायचा. मला लिहिता येतं ते त्या गजांमधून फळा बघून. तांब्या हिंदकळू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला असायचा, त्यामुळे हवेतसुद्धा अक्षर गिरवता यायचं नाही. घरी जाऊन राखेत गिरवायची.

तू बाहेर यायचास, उभ्याउभ्या तांब्या रिकामा करायचास आणि खेळायला पळायचास. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मी समजत होते, की माझ्या दादाच्या जिभेवर माझं पाणी आहे. सत्तर वर्षं तेच धरून बसले. म्हणून त्या मुलीवर एवढी पेटले. आणि तुझ्या जिभेवर निघालं काय? शाळेची खारी विहीर. ज्या पाण्याने तुला कळा यायच्या, ते तू मूत्रपिंडं जाळून पितोस; आणि मी आणलेलं तुझ्या ध्यानातच नाही.

तुझ्या कविता गोड होत्या रे. पाणी नव्हतं.

सुनेला माझं काही सांगू नकोस. माझं चुकलं, असं मी म्हणणार नाही. तिची जीभ तशीच आहे. लग्नात तिच्याविषयी बोलणार नाही, एवढं खरं. तुझ्याविषयीही बोलणार नाही. बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

तू मोठा, म्हणून नमस्कार. बाकी आज काही लिहवत नाही.

प्रभा


सोलापूर,
१५ मार्च २०२४

चि. प्रभा हिस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण मी थोरला आहे, दुसरं काय लिहू? अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून मी आठवायला बसलो आहे. कविता सगळ्या येतात. कडवी, चाली, मास्तरांची छडी कुठल्या शब्दावर टेबलावर पडायची तेही. बाभळी येतात. रहाट येतो, तो शाळेचाच, आता ओळखला. खिडकीही येते. खिडकीत कुणी येत नाही. मी तुला खोटं लिहिणार नाही, प्रभे. तुला बरं वाटावं म्हणून तुझा चेहरा तिथे बसवणार नाही.

एकच सापडलं. सुट्टीच्या थोडं आधी माझ्या पाटीवर एक सावली पडायची. रोज. मी पाटी जरा सरकवून घ्यायचो आणि पुढे लिहायचो. आजवर ती मी बाभळीची समजत होतो.

तांब्या देवयानीच्या हातात दिला. ती यंत्राच्या तोटीचं भरून देते आणि मी संपवेपर्यंत समोर उभी राहते. मला त्या पाण्याला अजूनही चव लागत नाही. काल अर्धा तांब्या झाल्यावर मनात आलं, की गोड विहिरीचं पाणीही असंच असेल. खारं जिभेला चिकटून बसतं. गोड पाणी तहान भागवतं आणि मागे काही ठेवत नाही. त्याची आठवण कुठून राहणार? हे समर्थन नव्हे. मास्तराला उशिरा सुटलेलं उदाहरण म्हण.

तू मागितलेली ओळ माझ्याच अक्षरात देतो: माझ्या सुनेने मला कधीही बादलीतलं पाणी पाजलं नाही, मी ते चोरून प्यालो. लग्नात कुणी विचारलं तर ही दाखव. तिला न सांगता लिहिली आहे.

तुझ्या पाण्याची चव मला माहीत नाही. ते मला बाधलं नाही, एवढं माहीत आहे. माझ्यावर राग असू दे, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा,
दादा

ता. क.
ती. प्रभाआत्या यांस, सा. न. वि. वि. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून वाचलं. तुमचं पत्रही टेबलावर उघडं होतं, तेही वाचलं. सवय तुमच्याकडूनच लागली.

तुम्ही मला जे लिहिलंत त्याबद्दल मी रागावलेली आहे आणि अजून बरेच दिवस राहीन. लग्नाला येईन, तेव्हा तोंडावर सांगेन. बॅग उपसली. चावी पुन्हा बसवली आहे; फ्लशिंग मी स्वतः करते, रविवारीच, आणि पाणी बादलीत जातं.

दुपारची मात्र पंचाईत आहे. मी ऑफिसात असते, बाबा पाणी प्यायचं विसरतात, आणि शपथेच्या प्रकरणानंतर दानम्मावर माझा भरवसा नाही. होटगीहून दुपारच्या आत पोचता येईल अशी गाडी आहे, अवधूतभावजींना विचारलं. तांब्या ओट्यावर पालथा असतो. दार नुसतं लोटलेलं असेल. बाहेर उभ्या राहू नका, सरळ आत या.

देवयानी